पाठीशी उभे राहावे की पाठीशी घालावे?

मराठीत दोन वाक्प्रचार असे आहेत की, कानाला ते सख्खे भाऊ वाटावेत आणि अर्थाने मात्र एकमेकांचे वैरी असावेत. एक ‘पाठीशी उभे राहणे’ आणि दुसरा ‘पाठीशी घालणे’. पहिल्यात आपले माणूस पुढे असते आणि आपण त्याच्या मागे. जे काही यायचे ते त्याच्या अंगावर येते, पण आपली पाठ रिकामी नाही हा धीर त्याला असतो. दुसऱ्यात आपण पुढे होतो आणि त्याला आपल्याआड दडवतो. त्याच्या वाट्याचे उत्तर आपणच देऊ लागतो, आणि ते उत्तर बहुधा खरे नसते.

गृहपाठ झाला नाही म्हणून ‘काल बरे नव्हते’ अशी चिठ्ठी लिहून देणारी आई कोणत्या घरात नाही? शेजाऱ्याच्या खिडकीची काच फुटली असता ‘आमचा बंड्या तर केव्हाचा अभ्यासाला बसला आहे’ असे छातीठोकपणे सांगणारे वडील कोणत्या इमारतीत नाहीत? येथवर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण काचेच्या जागी एखादे दिवशी खरोखरीचा गुन्हा आला तर? रात्री दोन वाजता मुलगी दारात उभी आहे, कपड्यांवर डाग आहेत, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि सकाळी पोलीस विचारायला येणार आहेत. अशा वेळी तुम्हीआम्ही काय करू?

हाच प्रश्न घेऊन स्वीडनमध्ये एक मालिका तयार झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली. भाग अवघे सहा. एम. टी. एडवर्डसन या स्वीडिश लेखकाच्या २०१८ सालच्या कादंबरीवरून ती घेतली आहे. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ ‘अगदी साधे कुटुंब’ असा होतो. इंग्रजीत आणताना मात्र कोणाला तरी ‘अगदी’ म्हणवले नाही. तेथे ती ‘अ निअरली नॉर्मल फॅमिली’, म्हणजे ‘जवळजवळ चारचौघांसारखे कुटुंब’ झाली. या एका ‘जवळजवळ’ शब्दात सारी कथा आली आहे.

लुंड आणि सानपाडा

स्वीडन कोठे आणि सानपाडा कोठे, असे कोणी म्हणेल. तेथे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात आणि आपल्याकडे ऑक्टोबरात पंखा बंद करण्याची सोय नाही. पण मालिका पाहू लागावे, तो ही परकेपणाची भावना अर्ध्या तासात मावळते. लुंड हे १६६६ सालापासून विद्यापीठ असलेले शिकल्यासवरल्यांचे गाव. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई नावाजलेली फौजदारी वकील, आणि स्टेला ही एकुलती एक मुलगी. नीटनेटके घर, समाजात मान, दोघांची कामे, आणि मुलीच्या खोलीचे बंद दार.

हे दार आपल्या ओळखीचे आहे. सिडकोने आखलेल्या आमच्या सानपाड्यासारख्या उपनगरात दोन खोल्यांतून तीन खोल्यांत आलेल्या कुटुंबाने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती मुलाला स्वतंत्र खोली दिली. पूर्वी चाळीत कोणाच्याही मनातले गुपित सायंकाळपर्यंत टिकत नसे. नळावर, जिन्यात, गॅलरीत ते फुटायचेच. आता आई सकाळी लोकल गाठते, वडील रात्री उशिरा परततात, आणि मुलगा काय करतो याचे उत्तर ‘आपल्या खोलीत आहे’ एवढेच असते. तो खोलीत आहे हे खरे. पण हातातल्या फोनमुळे तो कोठे आहे आणि कोणाबरोबर आहे, हे सांगणे कठीण.

घरातला गुन्हा ही गोष्ट तशी मराठी माणसाला नवी नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो काकांच्या कारस्थानाने. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आपण लहानपणी ऐकली, आणि त्याच श्वासात रामशास्त्र्यांचेही नाव ऐकले. आपल्या लोकांनी ही कथा अडीचशे वर्षे जपली, ती खुनामुळे थोडीच? सत्तेवर बसलेल्या काकाला त्याचा गुन्हा तोंडावर सांगणारे कोणी तरी निघाले, म्हणून जपली.

तीन माणसे, तीन खोटी

आता मालिकेची हकीकत सांगतो. शेवट सांगणार नाही. ज्यांनी पाहिली नसेल त्यांचा विरस नको.

स्टेला पंधरा वर्षांची असताना एका क्रीडा शिबिरात तिच्यावर अत्याचार होतो. आईबापांना ते कळते. आई वकील, अशा खटल्यात मुलीची उलटतपासणी कशी होते, हे तिने कोर्टात पाहिलेले. मुलीची ती विटंबना नको, म्हणून ते पोलिसांत जात नाहीत. वाईट हेतूने नव्हे, पोटच्या मायेने. घर पुन्हा पूर्ववत चालू होते. पण त्या दिवशी मुलीला एक गोष्ट न सांगता कळून चुकते. आपल्यावर जे गुदरले ते या घरात बोलायचे नाही.

चार वर्षांनी ती वयाने मोठ्या, श्रीमंत अशा एका पुरुषाच्या सहवासात येते आणि त्याचा खून होतो. संशय स्टेलावर. वडील रोज उपदेशपीठावरून सत्याचा महिमा सांगणारे. ते पोलिसांना मुलगी घरी परतल्याची खोटी वेळ सांगतात. आई न्यायालयाची अधिकारी. ती पुरावा नाहीसा करते. आणि मुलगी दोघांनाही काही सांगत नाही.

या कथेचे मर्म असे की, तिघेही एकमेकांना वाचवण्यासाठी खोटे बोलतात आणि तिघेही ते एकएकटे बोलतात. वडिलांना आईचे ठाऊक नाही, आईला वडिलांचे नाही. मूळ कादंबरीची रचनाच तशी आहे. तिचे तीन खंड आहेत. पहिला वडिलांनी सांगितलेला, दुसरा मुलीने आणि तिसरा आईने. घटना तीच, घर तेच. पण एका छपराखाली राहून तिघांनी तीन निरनिराळी वर्षे काढली आहेत, असे वाचणाऱ्याला वाटते. खुनाचा छडा लागो न लागो, या घराचे काय मोडले आहे ते प्रेक्षकाला दुसऱ्याच भागात कळते.

गोव्यातले घर

ही कथा ऐकून आपल्या वाचकांना ‘दृश्यम’ आठवल्यावाचून राहणार नाही. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळी चित्रपट २०१३ सालचा. २०१५ मध्ये तो हिंदीत आणला आपल्या निशिकांत कामत यांनी, ज्यांनी २००५ साली ‘डोंबिवली फास्ट’मध्ये मध्यमवर्गीय माणसाचा कडेलोट दाखवला होता. हिंदीतली कथा गोव्यात घडते. चौथी शिकलेला, केबलचा धंदा करणारा विजय साळगावकर. बायको, दोन मुली. थोरल्या मुलीचे चोरून चित्रण करून तिला धमकावणारा एक तरुण घरी येतो आणि झटापटीत मुलीच्या हातून मारला जातो. तो निघतो पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा मुलगा.

यापुढे विजयने रचलेला बनाव आपण सर्वांनी श्वास रोखून पाहिला. २ आणि ३ ऑक्टोबर हे दोन दिवस तो साऱ्या गावाच्या स्मरणात नव्याने पेरतो. लुंडच्या घरात तिघांची तीन खोटी होती. येथे चौघांचे मिळून एकच खोटे आहे आणि धाकटी पोरगीसुद्धा ते पाठ करते. चित्रपटगृहात आपण टाळ्या वाजवल्या. वाजवाव्यात असेच ते रचले होते. बाप गरीब, मुलगी निरपराध, समोर सत्ता.

पण घरी आल्यावर शांतपणे विचार केला, तर एक गोष्ट खटकते. आपल्या कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. बलात्काराच्या हेतूने अंगावर येणाऱ्याला प्रतिकार करताना तो मेला, तरीही तो हक्क लागू पडतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतही तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. हा बचाव त्या मुलीला न्यायालयात मांडता आला असता. तो टिकला असता की नाही हे वकिलांनी सांगावे; पण प्रेत पुरले त्या क्षणी विजयने मुलीचा हा बचावही त्याच खड्ड्यात पुरला. त्यानंतर ती मुलगी कधी शांत झोपली का? २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने याचे उत्तर दिलेच आहे. ती दचकून उठते, तिला झटके येतात. बापाचे खोटे पोलिसांपुढे टिकले, पण घरात टिकले नाही.

पुण्यातली रात्र

कथा ती कथा, असे म्हणून सुटता आले असते. पण १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात जे घडले, ते कोणा लेखकाने लिहिलेले नव्हते. सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोघांना उडवले. मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण संगणक अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही चोविशीचे. दोघांचाही मृत्यू झाला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी मुलाला जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. देशभर संताप उसळला. तीन दिवसांनी मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवले.

पण या लेखाचा विषय त्यानंतरची हकीकत आहे. पोलिसांचा आरोप असा की, मुलाने मद्य घेतले होते की नाही हे ठरवणारा रक्ताचा नमुना रुग्णालयात बदलण्यात आला आणि त्याच्या जागी आईच्या रक्ताचा नमुना ठेवण्यात आला. दुसरा आरोप असा की, गाडी आपणच चालवत होतो असे सांगण्यासाठी घरच्या ड्रायव्हरवर दडपण आणले गेले. आरोप खरे की खोटे, हे ठरवणे न्यायालयाचे काम; आपण त्यात पडू नये. पण या प्रकरणात बाप, आजोबा आणि आई यांना दहाबारा दिवसांच्या आत एकामागून एक अटक झाली, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे.

नमुना बदलल्याचा संशय कसा बळावला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पोलिसांनी दुसऱ्या रुग्णालयात आणखी एक नमुना घेऊन दोहोंची डीएनए तपासणी करवली आणि ते एकाच व्यक्तीचे नाहीत असे निघाले. चित्रपटातला बनाव सात वर्षे टिकतो. आजच्या प्रयोगशाळेपुढे तो आठवडाभर टिकण्याची मारामार. रस्त्यावरचे कॅमेरे आणि खिशातला फोन हे साक्षीदार असे आहेत की, त्यांना दरडावता येत नाही आणि त्यांची मनधरणीही करता येत नाही.

आणि शेवटी २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्याला कोणाच्या हवाली केले? आत्याच्या. आई, बाप, आजोबा तिघांनाही तोवर अटक झालेली. मुलाला वाचवायला म्हणून घरातली सारी वडीलधारी मंडळी पुढे झाली असतील, तर त्याचा हिशेब असा निघाला की, त्या मुलाच्या पाठीशी उभे राहायला त्यांतले कोणीच मोकळे उरले नाही. या एका गोष्टीचा विचार प्रत्येक आईबापाने करावा.

आणि दुसरीही गोष्ट विसरू नये. अशा प्रत्येक प्रकरणात आणखी एखादे घर असते. तेथल्या आईबापांना आपल्या मुलासाठी खरे किंवा खोटे काहीच बोलता येत नाही, कारण त्यांचे मूल परत येत नाही.

कायदा मायेला किती जागा देतो?

आईबापांनी मुलासाठी थोडे झाकले तर कायदा समजून घेईल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे?

स्वीडनच्या न्यायप्रक्रिया संहितेत, जी १९४२ साली मंजूर झाली, जवळच्या नातलगाला आपल्या माणसाविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे मुलीविरुद्ध साक्ष द्यायला आईबाप नकार देऊ शकतात. आपल्याकडे असे संरक्षण पतिपत्नींमधील खाजगी बोलण्यापुरते आहे. आईबाप आणि मुले यांच्यासाठी तशी तरतूद नाही. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या गुन्ह्यातही जुन्या दंडसंहितेच्या कलम २१२ ने सूट दिली ती फक्त नवऱ्याला आणि बायकोला. नव्या संहितेच्या कलम २४९ मध्येही तेच. आईबापांचे नाव तेथे नाही. आणि गुन्हेगाराला शिक्षेतून वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणे किंवा खोटी माहिती देणे, जे आता कलम २३८ मध्ये येते, त्यात तर कोणालाच सूट नाही. डाग पडलेला सदरा वॉशिंग मशीनमध्ये टाकणाऱ्या आईच्या हेतूला आपण माया म्हणू. कायदा तिला आरोपी म्हणेल.

मग मुलासाठी करता येण्याजोगे काहीच नाही का? पुष्कळ आहे, आणि ते सारे उजळ माथ्याने करता येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा मुलाला ‘वकील येईपर्यंत काही बोलू नकोस’ असे सांगणे गैर नाही; ‘असे असे खोटे सांग’ असे पढवणे गैर आहे. स्त्रियांना आणि मुलांना, घरचे उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. सानपाडा ठाणे जिल्ह्यात असल्याने आपले प्राधिकरण ठाण्याचे. अठरा वर्षांखालील मुलाला २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते, आणि त्याचे नाव छापता येत नाही. सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास त्याला प्रौढ मानून खटला चालवता येतो, हे खरे. पण त्याआधी मंडळाला त्याच्या समजशक्तीची आणि परिस्थितीची तपासणी करावी लागते. चुकलेल्या मुलाला पुन्हा माणसात आणावे, हाच या कायद्याचा हेतू आहे. खोटे बोलून आपण मुलाला ज्या दारापासून दूर नेतो, त्याच दारामागे त्याच्या हिताच्या बऱ्याच गोष्टी असतात.

गाडीच्या किल्लीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. पाम बीच मार्ग आमच्या दारावरून जातो; रात्री मोकळा पडलेला तो सरळ रस्ता सोळासतरा वर्षांच्या मुलाला किती खुणावत असेल, ते सांगायला नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘एकच फेरी मारून ये’ असे म्हणून दिलेली किल्ली केवढी महाग पडते, ते यावरून कळेल.

पहिले मौन

आता पुन्हा लुंडच्या त्या घराकडे वळू. तेथली वाताहत खुनाच्या रात्री सुरू झालीच नव्हती. ती चार वर्षे आधी, मुलीवरच्या अत्याचाराबद्दल गप्प बसण्याचे ठरले तेव्हा सुरू झाली. ‘चार लोकांत बोभाटा नको’ हे वाक्य स्वीडिश भाषेत कसे म्हणतात ठाऊक नाही, पण त्याची मराठी आवृत्ती आपल्या प्रत्येकाच्या कानावर आहे.

या बाबतीत आपला कायदा आता स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हाच गुन्हा आहे. आणि स्टेलाच्या आईला ज्याची भीती वाटली, त्या विटंबनेवरही या कायद्याने काही इलाज केले आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा. खटला बंद दाराआड चालवायचा. प्रश्न वकिलाने थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे. नाव प्रसिद्ध करायचे नाही. १०९८ या क्रमांकावर मूल स्वतःही फोन करू शकते. प्रत्यक्षात हे सारे नेहमी नीट पाळले जाते, असा दावा कोणी करणार नाही. पण जे मूल आईबापांबरोबर त्या वाटेने जाते, त्याला निदान एवढे कळते की, झाल्या प्रकारात लाज आपण वाटून घ्यायची नाही आणि आपले घर आपल्या बाजूला आहे.

ज्या मुलाचे खरे घराने एकदा गिळून टाकले, ते मूल पुढच्या खेपेस खरे घेऊन घरी येत नाही. स्टेला आईबापांशी बोलत नाही, ती हट्टी म्हणून नव्हे. बोलून काय होते ते तिने पाहिलेले असते.

ही मालिका प्रौढांसाठी आहे; लहान मुलांना दाखवू नये. पण घरात कॉलेजात जाणारी मुले असतील, तर दिवाळीच्या सुटीत फराळाचे ताट मध्ये ठेवून त्यांच्यासह ती जरूर पाहावी. पाहून झाल्यावर खून कोणी केला याची चर्चा पाच मिनिटांत आटोपेल. मग मुलांना एकच प्रश्न विचारावा. ‘तुझ्या हातून असे काही घडले, किंवा तुझ्यावर असे काही गुदरले, तर पहिला फोन कोणाला करशील?’ उत्तर ‘मित्राला’ असे आले, तरी रागावू नये. ‘का?’ एवढेच विचारावे आणि ते जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.